पहिल्या एकट्या प्रवासाची शिदोरी



बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या लागल्या, की आपल्या मोहल्ल्यांतून एक दृश्य दरवर्षी दिसू लागते. उंबरठ्याशी नवी बॅग उभी असते. आई डब्याचे झाकण पुन्हा उघडून त्यात आणखी काहीतरी भरत असते. वडील तिसऱ्यांदा तिकीट तपासतात आणि अठरा वर्षांचा मुलगा, "अब्बा, मी काय लहान आहे का आता?" असे म्हणत दर मिनिटाला घड्याळ पाहतो. आजवर त्याने प्रवास केला तो कोणाच्या तरी सोबतीने, लग्नाला, इज्तिमाला किंवा मामाच्या गावाला. आज तो पहिल्यांदाच एकटा निघालेला असतो. अशा वेळी त्याला काय सांगावे, हा या लेखाचा विषय आहे. मुलगा घरातला असेल तर हा लेख त्याच्या हाती द्यावा, आणि तुम्ही स्वतःच निघाला असाल तर गाडी सुटण्यापूर्वी वाचावा.

ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांची एक रीत हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. कोणी प्रवासाला निघाला की ते त्याला जवळ बोलावीत आणि सांगत, की ये, अल्लाहचे प्रेषित (स.) आम्हाला जसा निरोप देत असत तसा मी तुला देतो. मग ते तीन गोष्टी अल्लाहच्या स्वाधीन करीत. त्या प्रवाशाचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट.

जरा थांबून विचार करा. आपण निरोप देताना काय म्हणतो? बॅगेकडे लक्ष ठेव, पैसे सांभाळ, पोहोचल्यावर फोन कर. या सूचना चुकीच्या नाहीत, त्यांच्याकडे आपण पुढे येणारच आहोत. परंतु प्रेषितांच्या (स.) दृष्टीने प्रवासात हरवण्याची सर्वाधिक भीती ज्या वस्तूंची होती, त्या बॅगेत मावणाऱ्या नव्हत्या. भाष्यकारांनी याचे कारण सांगितले आहे. प्रवास कष्टाचा असतो, दिनक्रम मोडतो, आणि कष्टाच्या वेळी माणसाकडून सर्वांत आधी दीनकडेच दुर्लक्ष होते. घरी असताना फज्रला आई उठवते, जुम्याला वडील हाक मारतात, वाईट संगतीत दिसलो तर शेजारचे चाचा सायंकाळपर्यंत घरी बातमी पोहोचवतात. गाडीने स्टेशन सोडले की यांपैकी कोणीही सोबत नसते. तेथून पुढे मुलगा जी नमाज अदा करील, ती त्याची स्वतःची असेल.

येथे एक शंका काही जाणकार वाचकांच्या मनात येईल. प्रेषितांनी (स.) एकट्याने प्रवास करणे पसंत केले नाही, असे आपण ऐकले आहे ना? होय. एकटे असण्यात काय धोका आहे हे जर लोकांना माझ्यासारखे ठाऊक असते, तर रात्री कोणीही स्वार एकटा निघाला नसता, अशा अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. मात्र इमाम बुखारींनी त्याच प्रकरणात खंदकच्या प्रसंगाची हदीसही दिली आहे. त्या वेळी शत्रूची बातमी काढण्यासाठी ह. जुबैर (रजि.) एकटेच गेले होते आणि प्रेषितांनी (स.) त्यांचे कौतुक केले होते. यावरून विद्वानांनी असा अर्थ काढला, की नापसंती निर्जन व धोक्याच्या वाटेवर विनाकारण एकटे जाण्याला आहे आणि गरज असेल तेव्हा मुभा आहे. शेकडो प्रवाशांनी भरलेली रेल्वे किंवा एस.टी. म्हणजे वाळवंट नव्हे. तरीही त्या हदीसमधला 'रात्री' हा शब्द विसरू नका. निवड करता येत असेल तर अनोळखी शहरात दिवसा उजेडी पोहोचणारी गाडी घ्यावी. मध्यरात्री पोहोचावे लागलेच, तर बाहेर भटकण्यापेक्षा तिकीट जवळ ठेवून स्थानकाच्या प्रतीक्षालयात थांबावे आणि फज्र अदा करून उजाडल्यावर बाहेर पडावे.

आता तयारीविषयी. आपल्यात एक चुकीची समजूत आहे, की जास्त तयारी करणे म्हणजे अल्लाहवरील भरवसा कमी असणे. पूर्वी यमनचे काही लोक शिदोरी न घेताच हजला निघत, आम्ही तवक्कुल करणारे आहोत असे म्हणत, आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. या पार्श्वभूमीवर कुरआनने शिदोरी घेण्याचा आदेश दिला आणि त्याचबरोबर उत्तम शिदोरी तकवा असल्याचेही सांगितले. दोन्ही शिदोऱ्या एकाच आयतीत आल्या आहेत. आपण मात्र त्या वेगळ्या करतो. कोणी फक्त डबा घेतो, कोणी फक्त तसबीह.

स्वतः प्रेषितांचा (स.) हिजरतचा प्रवास पाहा. मानवी इतिहासात अल्लाहच्या संरक्षणाचे वचन त्यांच्याइतके कोणाला लाभले असेल? तरीही त्या प्रवासातला प्रत्येक तपशील आधी ठरवलेला होता. मदीना मक्केच्या उत्तरेस, आणि ते निघाले दक्षिणेस, सौरच्या गुहेकडे. तीन रात्री तेथे थांबले, म्हणजे शोध घेणारे थकतील. उंटिणी अगोदरच तयार ठेवल्या होत्या. वाट दाखवण्यासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित या वाटाड्याला मजुरीवर ठरवले होते. तो मुसलमान नव्हता, परंतु वाटांचा जाणकार आणि शब्दाचा पक्का होता. ह. अबू बक्र (रजि.) यांच्या कन्या ह. अस्मा (रजि.) यांनी शिदोरी बांधली. पिशवीचे तोंड बांधायला दोरी सापडेना, तेव्हा त्यांनी आपला कमरपट्टा फाडून त्याने ते बांधले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या मक्कावासीयांनी त्यांच्या जिवावर उठण्याचे ठरवले होते, त्यांच्याच ठेवी परत करण्यासाठी त्यांनी ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले. निरोपाच्या दुआमधली 'अमानत' ती हीच. म्हणून बॅग भरण्यापूर्वी एक कागद घ्या. कोणाचे पुस्तक आपल्याकडे आहे, कोणाचे दोनशे रुपये देणे आहे, कोणाला दुखावले आहे, ते लिहा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मिटवा. मन हलके असले की प्रवासही हलका होतो.

ह. अस्मांच्या (रजि.) त्या कमरपट्ट्याची आठवण झाली की मला माझी आई आठवते. मी पहिल्यांदा एकटा निघालो तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. रात्रीची एस.टी. पकडून मुंबईला जायचे होते. आईने माझ्या पँटच्या कमरेच्या आतल्या बाजूला पन्नासची एक नोट शिवली. मला लाज वाटली आणि मी कुरकुर केली. मुंबईत उतरल्यावर गर्दीत खिसा कापला गेला. पाकीट, त्यातले सारे पैसे आणि ज्यांच्याकडे जायचे त्यांचा पत्ता, सर्व एकाच पाकिटात. एका कोपऱ्यात उभे राहून दातांनी शिवण उसवताना आईवर किती रागावलो होतो, ते मला आठवत होते. 'आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव' या अर्थाची हदीस आईने कधी ऐकली होती की नाही, मला माहीत नाही. तिने उंट मात्र बांधला होता.

आजचा उंट म्हणजे तुमची बॅग, आणि त्याचे दावे म्हणजे साखळी-कुलूप. बर्थखाली असलेल्या कडीला ती बांधा. पैसे तीन ठिकाणी विभागून ठेवा. मोबाईलची बॅटरी संपली की त्यातले सर्व नंबर असून नसल्यासारखे होतात, म्हणून घरचा एक आणि जेथे जायचे तेथील एक असे दोन नंबर व पूर्ण पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा, पाकिटात नव्हे. ओळखपत्र मूळ बाळगा. ऑनलाइन काढलेले तिकीट प्रतीक्षायादीत असेल आणि चार्ट तयार होईपर्यंत निश्चित झाले नाही, तर ते आपोआप रद्द होते. ते घेऊन गाडीत बसणे म्हणजे विनातिकीट बसणे, आणि विनातिकीट प्रवास हा सार्वजनिक पैशाचा अपहार आहे. टी.सी. आला नाही म्हणून तो हलाल होत नाही. रेल्वेत अडचण आली तर १३९ आणि कोणत्याही संकटात ११२, हे दोन क्रमांक पाठ असावेत.

खाण्याविषयी थोडेच सांगतो. घरचा डबा सर्वोत्तम. बाहेर मांसाच्या हलाल असण्याची खात्री नसेल तेथे भाजी-भाकरी, अंडी, फळे पुरेशी आहेत. दोन दिवसांत कोणी अशक्त होत नाही. अनोळखी माणसाने आग्रहाने दिलेला खाऊ किंवा चहा घेऊ नये, गुंगीचे औषध देऊन लुटण्याचे प्रकार घडतात. नकार हसून आणि आभार मानून द्यावा. मात्र रोजा नसताना 'रोजा आहे' असे सांगून सुटका करून घेऊ नये. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी खोटे कशाला?

नमाजबाबत मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण प्रवासात ती सुटण्याचे कारण बहुधा आळस नसून अज्ञान असते. अल्लाहने प्रवाशाला सवलत दिली आहे. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फज्र व मगरिब तशाच राहतात. ह. उमर (रजि.) यांनी, आता तर भीती उरली नाही मग कस्र का, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) सांगितले, की हे अल्लाहने तुम्हाला दिलेले दान आहे, ते स्वीकारा. हनफी मतानुसार सुमारे ७७-७८ किलोमीटरच्या प्रवासाच्या इराद्याने आपल्या वस्तीबाहेर पडल्यावर कस्र सुरू होते. कोकणातील आपले शाफई बांधव अंतर साधारण त्याच्याच आसपास मानतात, आणि त्यांच्या मतानुसार जुहर-असर व मगरिब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे. स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिलात तर पूर्ण चार रकात अदा करावी लागते.

येथे विद्यार्थ्यांची एक चूक मी वारंवार पाहिली आहे. पुण्याच्या वसतिगृहात वर्षभर राहणारा मुलगा स्वतःला प्रवासी समजून महिनोन्‌महिने दोनच रकात अदा करीत राहतो. एका ठिकाणी १५ दिवस किंवा त्याहून अधिक राहण्याचा इरादा असेल तर हनफी मतानुसार तुम्ही तेथे मुकीम झालात. शाफई मतानुसार येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांच्या इराद्यानेही तसे होते. सवलत वाटेपुरती आहे, वास्तव्यासाठी नाही.

गाडीत वुजूसाठी बेसिनचे पाणी असते, म्हणून पाणी असताना तयम्मुमकडे वळू नये. एक बाटली भरून ठेवली की गर्दीतही वुजू होतो. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. कोकणातून मुंबईकडे जाताना तो तुमच्या डाव्या हाताला, समुद्राच्या बाजूला येतो आणि परतताना उजव्या हाताला. फर्ज नमाज शक्य तोवर उभे राहून अदा करावी. दोन बर्थमधली जागा पुरते. वाट अडवू नये. समोरच्या प्रवाशाला आधी नम्रपणे विचारावे, "काका, पाच मिनिटे येथे नमाज पढू का?" माझ्या अनुभवात बहुतेक माणसे पाय आखडून जागा करून देतात. कधी कोणी नाखूश दिसले, तर हुज्जत घालू नये. गाडी थांबेल तेथे फलाटाचा कोपरा पाहावा. तेही जमले नाही तर काय करावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्यावे. गाडीत बसून मोबाईलवर फतवे शोधू नयेत.

आता अशा एका तरुणाकडे वळू या, ज्याच्याकडे ना डबा होता, ना तिकीट, ना पत्ता. ह. मूसा (अ.) यांच्या हातून अनवधानाने एक मनुष्य मरण पावला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक माणूस धावत आला आणि म्हणाला, सरदार तुमच्या जिवावर उठले आहेत, येथून निघून जा. राजवाड्यात वाढलेला हा तरुण त्या क्षणी मिस्रमधून बाहेर पडला, भयभीत, मागे-पुढे पाहत. सूरह कसस वाचा, कुरआनने त्यांचे ते भय लपवलेले नाही. पहिल्या प्रवासात छाती धडधडणे हा ईमानचा दुबळेपणा नव्हे. एवढेच, की ती भीती त्यांना दुआकडे घेऊन गेली.

मदयनच्या पाणवठ्यावर ते पोहोचले तेव्हा थकलेले, भुकेले आणि अनोळखी होते. अशा वेळी माणूस काय करतो? आधी स्वतःपुरते पाहतो. मूसांनी (अ.) पाहिले, की मेंढपाळांच्या गर्दीपासून दूर दोन मुली आपला कळप आवरून उभ्या आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुमची काय अडचण आहे? वडील वृद्ध आहेत आणि हे लोक हटल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी कळपाला पाणी पाजले आणि सावलीत जाऊन बसले. नाव-गाव विचारत बसले नाहीत, मजुरी मागितली नाही, उपकाराची जाणीव करून दिली नाही. सावलीत बसून जे मागितले ते अल्लाहकडे, आणि तेही असे, की तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे. भाकरी हवी, छप्पर हवे, असे काहीच नाव घेऊन मागितले नाही. थोड्याच वेळात त्या मुलींपैकी एक लाजत चालत आली आणि वडिलांनी बोलावले आहे म्हणाली. ते गेले. 'मी राजवाड्यातला, कोणाच्या घरी कसा जाऊ' असा ताठा त्यांनी धरला नाही. त्या घरात त्यांना अभय मिळाले, काम मिळाले, विवाह झाला, आणि त्यांची शिफारस करताना त्या मुलीने दोनच गुण सांगितले, बलवान आहे आणि विश्वासू आहे.

त्या एका दुपारी मदयनमध्ये मूसांना (अ.) ओळखणारे कोणीही नव्हते. तुमचीही अवस्था नव्या शहरात तशीच असेल. वरच्या बर्थवर चढता न येणाऱ्या आजीला खालची जागा द्या. बाळ घेतलेल्या बाईची पिशवी उतरवून द्या आणि बाजूला व्हा. वसतिगृहाच्या खोलीत पहिल्या दिवशी झाडू हाती घ्या. अडचण आलीच आणि पैसे संपले, तर मदत मागायला लाजू नका. वाटेत अडकलेला प्रवासी हा घरी कितीही सधन असला तरी जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे, हे कुरआननेच ठरवले आहे. जवळच्या मशिदीत जा. आपल्या पूर्वजांनी शहराशहरांत मुसाफिरखाने बांधले ते याचसाठी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आपल्यापैकी कित्येकांच्या घरच्या आठवणींत असेल.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी, असा विचार मी बराच केला. प्रवासात कोणीतरी नाव विचारील, आणि नाव ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलेल, असे कधीतरी होईल. खोली भाड्याने पाहायला गेलात तर "कालच दिली" असे उत्तर मिळेल आणि पाटी मात्र तशीच लटकत असेल. आई-वडिलांनी हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे पहिला घाव अनपेक्षित ठरणार नाही. अशा वेळी नाव बदलून सांगू नका. तुमचे नाव तुमच्या वडिलांनी कानात अजान देऊन ठेवले आहे. वाद घालू नका, तेथून शांतपणे निघा, आणि दुसरा पत्ता आधीपासूनच जवळ ठेवा. पण एका बंद दारावरून सर्व दारांचा निकाल लावू नका. हिजरतच्या वाटेवर प्रेषितांचा (स.) वाटाड्या कोण होता, ते आपण वर पाहिलेच आहे. माझा खिसा कापला गेला त्या दिवशी मला सोबत घेऊन योग्य बसमध्ये बसवून देणारे गृहस्थ आपल्या समाजाचे नव्हते. त्यांचे नावही मी विचारले नाही, याची खंत आजही वाटते.

मुलींच्या प्रवासाविषयी अनेक माता विचारतात. महरमशिवाय स्त्रीने प्रवास करू नये अशा स्पष्ट हदीस आहेत आणि त्या हलक्या समजू नयेत. त्याचबरोबर एक काळ असा येईल की स्त्री हीराहून काबापर्यंत प्रवास करील आणि तिला अल्लाहखेरीज कोणाची भीती नसेल, असे प्रेषितांनी (स.) ह. अदी बिन हातिम (रजि.) यांना सांगितले होते, आणि त्यांनी ते पाहिलेही. सुरक्षित सोबत असताना काय मुभा आहे याबाबत इमामांत मतभेद आहेत. म्हणून आपल्या मसलकच्या जाणत्या आलिमांशी घरात बसून, मुलीला समोर बसवून, आधीच चर्चा करावी. ती फलाटावर पोहोचल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि जी मुलगी शिक्षणासाठी किंवा गरजेपोटी निघणारच आहे, तिला साखळी-कुलूप, दोन नंबर आणि १३९ याविषयी काहीच न सांगणे, हा तर उघड अन्याय होईल.

निरोपाच्या दुआतला तिसरा शब्द कर्मांच्या शेवटाचा आहे. तो ऐकायला जड वाटतो. परंतु धावत्या गाडीच्या दारात उभे राहून मोबाईलने चित्रण करणाऱ्या मुलांना पाहिले, की तो किती जवळचा आहे हे कळते. दारात उभे राहू नका. रूळ ओलांडू नका, पूल वापरा. झोपण्यापूर्वी इशा अदा करा आणि घरच्यांसाठी दुआ करा. प्रवाशाची दुआ आणि पित्याची दुआ, या दोन्हींचा उल्लेख निश्चित स्वीकारल्या जाणाऱ्या दुआंत एकत्रच आला आहे. त्या रात्री तुम्ही बर्थवर जागे असाल, तसे अब्बाही घरी जागेच असतील.

प्रवास हा यातनेचा एक तुकडा आहे, तो खाणे, पिणे व झोप हिरावतो, म्हणून काम झाले की त्वरेने घरी परता, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. स्वतः ते परतले की आधी मशिदीत जाऊन दोन रकात अदा करीत. आणि दीर्घ प्रवासानंतर रात्री-अपरात्री न कळवता घरात शिरू नये, घरच्यांना पूर्वसूचना मिळावी, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. आश्चर्याचा धक्का देण्याच्या हौसेने आजची मुले नेमके उलटे करतात. पहिल्या सुटीत याल तेव्हा आदल्या स्थानकावरून फोन करा. अम्मीला तांदळाच्या भाकऱ्या थापायला तेवढा वेळ मिळेल.